उसनी वाळू

१४ जानेवारी, मंगळवार

दक्षिणेकडच्या नव्या हॉटेलची सावली आता जेवणं आटोपायच्या आतच सासूबाईंच्या टपरीवर पडते. सावली आली की गिऱ्हाइकं खुर्च्या उचलून उन्हामागे सरकत जातात आणि शेवटी दुसऱ्याच कुणाच्या टपरीत जाऊन बसतात. आई तळणीचं तेल तापतं ठेवतात आणि समुद्राकडे बघत राहतात. आजचा नारळभात तसाच उरला. रात्री आम्ही तोच जेवलो.

शाळेत आज अर्तेता नावाचा अधिकारी भेटायला आला होता. किनारा पुनर्रचना कार्यालयाचा. वयाने लहान आहे, पण बोलणं अदबीचं. पुन्ता गार्साच्या वस्तीचा परिचय लिहून हवा आहे म्हणाला: इथे कोण राहतं, कधीपासून, कसं. तो वाचून मग सुनावणी होईल. वस्तीला जमिनीचा सामूहिक पट्टा तरी मिळेल, नाहीतर सगळ्यांना टेकडीमागच्या नव्या इमारतींत जावं लागेल. "बाहेरच्या माणसाने लिहिलं तर तो आकडे लिहील, बाई," तो म्हणाला. "तुम्ही माणसं लिहाल."

मी विचार करून सांगते म्हटलं. खरं तर मनात तेव्हाच 'हो' झालं होतं. यात माझा अहंकार किती आणि वस्तीचं हित किती? दोन्ही आहेत. इतकी वर्षं मुलांचे निबंध तपासले, स्वतः लिहिलं ते फक्त या वहीत. कुणीतरी लिहिणारच आहे; प्रामाणिक माणसाने लिहिलेलं बरं, असं स्वतःला समजावलं.

घरी माझा नवरा निकानोर जाळं शिवत बसला होता. त्याला सांगितलं. "लिही की," तो म्हणाला. "फक्त आमच्याबद्दल लिहिशील ते आम्हाला आधी दाखव."

२६ जानेवारी, रविवार

घरोघर फिरते आहे. मन उदास होतं. प्रत्येक घरात कुणीतरी शहराकडे निघालेलं किंवा जाऊन परत न आलेलं. किनाऱ्याच्या टोकाची दोन घरं गेल्या उधाणात गेली. तिथल्या न्हाणीघराची फरशी तेवढी वाळूत दिसते.

पहिला प्रश्न विचारते, "घर कुणाचं?" आणि सगळीकडे एकच उत्तर, "उसनं आहे, बाई. या, बसा."

लग्न होऊन इथे आले तेव्हा मला याचं हसू यायचं. मी मोम्पोसची, नदीकाठची. नदीला कुणी काय म्हणतं याचं सोयरसुतक नसतं. इथे वाळूवर उभं राहून 'माझं' म्हणायचं नाही. होडी उसनी, रापणीचं जाळं उसनं, घर उसनं. समुद्राने 'माझं' ऐकलं की तो वसुलीला येतो. पहिल्याच आठवड्यात मी किनाऱ्यावर "माझा टॉवेल कुठे गेला?" म्हणून ओरडले, तर निकानोरच्या मावशीने येऊन माझ्या तोंडावर चक्क हात ठेवला होता.

आणि ज्यांना भांडायचंच असतं ते रस्ता ओलांडून मागच्या दलदलीत, खाजणावर जातात. तिथे तिवरांच्या आड समुद्राला ऐकू जात नाही. दोन भावांचा होडीवरून वाद झाला की दोघं तिकडे जाऊन "माझी! माझी!" म्हणून घसा फोडतात आणि परत वाळूवर आले की एकमेकांच्या खांद्यावर हात.

हे परिचयात यायलाच हवं. याहून सुंदर दुसरं काही या वस्तीत नाही. मात्र भाबडेपणाने लिहायचं नाही. यावर आज कुणाचा खरोखर विश्वास असेल असं मला वाटत नाही. शिंक आली की देवाचं नाव घेतो तशातला प्रकार. एक रीत. मी असं लिहिलं आहे: 'समुद्रासमोर इथे कुणी खोटं बोलत नाही.' वाक्य दोनदा वाचलं. चांगलं जमलं आहे. अतिशयोक्ती आहे का? वस्तीच्या पंचायतीचा अध्यक्ष सातुर्निनो पकडलेल्या माशाची लांबी रोज वाढवून सांगतो. पण सांगतो ते बहिणीच्या बिअरच्या दुकानात, आणि ते दुकान खाजणाकाठी आहे. म्हणजे वाक्य खरं आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

निकानोरला सगळं वाचून दाखवलं. तो ऐकताना हसला, एके ठिकाणी डोळेही पुसले. मग उसन्याचं पान आलं आणि त्याने मला थांबवलं.

"हे कशाला घातलंस?"

"यात खोटं काय आहे?"

"खोटं नाही म्हणून तर म्हणतोय."

मी म्हटलं, त्याला लाज वाटते का या गोष्टीची? शहरातले लोक हसतील असं वाटतं का? तो म्हणाला, "हसू देत. हसणाऱ्यांची कुणाला भीती आहे?" आणि उठून बाहेर गेला. कधीकधी मला वाटतं, माझं शिक्षण त्याला अजून कुठेतरी सलतं. हे लिहिणं बरं नाही, पण या वहीत तरी खरं लिहायचं ठरवलं आहे.

पान काढलं नाही. बराच विचार केला. नवरा रागावला म्हणून सत्य गाळलं तर मग अर्तेता मलाच का विचारायला आला?

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

अर्तेताने परिचय वाचला. उसन्याच्या पानावर त्याने खूण करून ठेवली होती. "हे तर अनमोल आहे, बाई," म्हणाला. इतकं मन लावून माझं कुणी आजवर वाचलेलं नाही. त्याने बारीक प्रश्न विचारले: म्हणजे अगदी पंचायतीची माणसंही? वाळूवर कधीच नाही? मी खात्रीने सांगितलं, कधीच नाही.

मग म्हणाला, सुनावणी कुठे घ्यावी? पंचायतीच्या अर्जात खाजणाकाठची जागा आहे, पण तिकडे डास आणि चिखल. लोक मोकळेपणाने कुठे बोलतील? मला सातुर्निनोची बहीण आठवली. सुनावणी तिच्या दुकानापुढे झाली तर दिवसभर बिअर विकली जाईल. अध्यक्षाने असल्या कामात घरच्यांचा फायदा बघावा हे मला पटत नाही. तसं नाव न घेता म्हटलं, आणि सुचवलं की माझ्या सासूबाईंच्या टपरीसमोर, किनाऱ्यावर घ्या. हे लोक तिथेच आयुष्य काढतात, तिथेच ते स्वतः असतात. त्याने लगेच लिहून घेतलं.

घरी येताना वाटलं, आपल्या सासूबाईंची टपरी सुचवली, हाही पक्षपातच नाही का? आईंना सांगून ठेवणार आहे की त्या दिवशी विक्री करायची नाही.

५ मार्च, बुधवार

कार्निव्हल संपला, आजपासून उपवासाचे दिवस. सकाळी कपाळाला राख लावून चर्चमधून बाहेर पडलो तर सातुर्निनोने दारातच गाठलं.

"बाई, सुनावणी वाळूवर ठेवलीत म्हणे."

"ठेवली त्यांनी. मी सुचवली."

"बाई, तिथे वारा किती असतो! ऐकू जाईल."

"वाऱ्यात ऐकू जाणार नाही असं म्हणायचंय का तुम्हाला? त्याची काळजी नको. माइक आणणार आहेत."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "माइक?" मग निकानोरकडे वळून म्हणाला, "बघ रे बाबा. माइक आणणारेत. म्हणजे त्याला खोल पाण्यातसुद्धा ऐकू जाईल." निकानोर हसला नाही.

मी म्हटलं, "सातुर्निनो, तुमच्या बहिणीची एका दिवसाची विक्री बुडेल, एवढंच ना?"

"बहिणीची विक्री?" त्याने कपाळाला हात लावला, बोटांना राख लागली. "बाई, तुम्ही फार शिकलात हो." आणि गेला.

मी उगाच टोचून बोलले. पण मुद्दा चूक नव्हता.

१५ मार्च, शनिवार

जसं झालं तसं लिहिते.

पांढरा मंडप, प्लास्टिकच्या खुर्च्या, मधे टेबल. टेबलामागे अर्तेता आणि एक टिपून घेणारी मुलगी. हॉटेलचे दोन वकील. सगळी वस्ती आली होती, इस्त्रीचे कपडे घालून. लाटा मोठ्या होत्या. मंडपाच्या पहिल्या खांबाशी पाणी येऊन जात होतं.

अर्तेताने सुरुवातीला छान सांगितलं: पट्ट्यासाठी वस्तीने स्वतःच्या तोंडाने सांगायचं, की ही जागा आमची आहे आणि आम्ही ती आमची म्हणून वापरतो. बाकी काही नको. मग वयाने मोठ्या म्हणून आधी आईंना बोलावलं.

"उबाल्दिना मावशी, ही टपरी कुणाची?"

आईंनी माइक हातात घेतला नाही. लांबूनच म्हणाल्या, "उसनी."

"कुणाकडून?"

आईंनी हनुवटीने समुद्राकडे दाखवलं. वकील हसले. मागून कुणीतरी ओरडलं, "हसा, हसा! तुमच्या हॉटेलचा पाया कशात आहे ते विसरू नका!"

"मग तुमची नाही?" अर्तेताने विचारलं. आवाज अगदी मऊ होता.

आईंचे ओठ हलले, मग मिटले. त्या खाली बसल्या.

त्यानंतर एकेक जण. सुतारकाम करणारा, शिंपले विकणारी, माझ्या वर्गातल्या मुलांचे बाप. उसनं. उसनी. उसना. सगळे मान खाली घालून. मला कळेना की आजच्या दिवशी तरी ही रीत बाजूला का ठेवत नाहीत. सातुर्निनोची पाळी आली. त्याने टोपी काढली, समुद्राकडे पाठ केली, माइक टोपीने झाकला आणि काहीतरी पुटपुटला. कर्ण्यातून नुसता वारा वाजला.

"मोठ्याने, अध्यक्ष."

"साहेब, दोन मिनिटं रस्त्यापलीकडे चला. तिकडे पाहिजे तेवढ्या मोठ्याने सांगतो. घसा बसेपर्यंत सांगतो."

"जे इथे सांगता येत नाही, ते तिकडे कसं खरं ठरेल?"

लाट आली, खुर्च्यांखालून गेली, कुणी पाय उचलले नाहीत. आणि मग माझ्या लक्षात आलं की सगळे माझ्याकडे बघत आहेत. आई, निकानोर, सातुर्निनो, पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत. इतक्या जणांनी एकदम बघितल्यावर मी गोंधळले. वाटलं, हिने आता तोंड उघडून आणखी काही बिघडवू नये म्हणून घाबरले असतील. तरी उठले. गप्प बसणं भ्याडपणाचं झालं असतं.

मी म्हटलं, "साहेब, ही जागा यांची आहे."

"यांची?" अर्तेताने विचारलं. "तुमची नाही?"

घर आईंच्या वहिवाटीचं. माझा जन्म इथला नाही, माझं नाव इथल्या कशावर नाही. मी खरं तेच सांगितलं. "मी मोम्पोसची."

अर्तेताने मुलीला लिहून घ्यायला सांगितलं. मागे कुणाची तरी खुर्ची पडली. वळून बघितलं तेव्हा आई टपरीकडे निघाल्या होत्या.

१७ मार्च, सोमवार

आज संध्याकाळी ओट्यावर निकानोरला विचारलं, "माझ्यावर रागावला आहेस का?"

"नाही."

"मग?"

"तुला म्हणता आलं असतं."

"काय?"

त्याने ओट्याखालच्या वाळूकडे, मग समुद्राकडे बघितलं. "तेच. तू इथली नाहीस. तुझ्या तोंडून ते गेलं असतं तर त्याने काही मनावर घेतलं नसतं. सगळे त्याचीच वाट बघत होते."

मी म्हटलं, "पण कायद्याने ते खोटं ठरलं असतं, निकानोर. माझी साक्ष मग कुठेच टिकली नसती."

"हो," तो म्हणाला. "कायद्याने."

मी पुष्कळ विचार केला. शपथेवर खोटं बोलायचं होतं का? त्यांनी आधी सांगितलं असतं तर? पण आधी कसं सांगणार? सांगायला घर वाळूवर. मग खाजणावर नेऊन सांगायचं. सातुर्निनो तेच तर म्हणत होता. हे मला आज कळतं आहे, आणि कळून उपयोग नाही.

२ एप्रिल, बुधवार

मी स्वतः शहरात जाऊन, अर्तेताच्या वरिष्ठांच्या दारात बसून दुसरी सुनावणी मिळवली. खाजणाकाठी. आज झाली. एवढं तरी माझ्या हातून झालं म्हणून सकाळी बरं वाटत होतं.

सगळे आले. चिखलात खुर्च्या रुतत होत्या, डास खात होते. आईंचं नाव पुकारलं आणि त्या उठल्या त्या पंचविशीतल्या बाईसारख्या. "माझी!" म्हणाल्या. "टपरी माझी. माझ्या आईची होती, आता माझी. चूल माझी, कढई माझी, समोरची वाळू माझी!" सगळी वस्ती ओरडू लागली. सातुर्निनो बिअरच्या खोक्यावर चढून गर्जला, "आमची! साहेब, लिहा, जाड अक्षरात लिहा, आमची!" बायका रडत होत्या, हसत होत्या. पिढ्यान्‌पिढ्यांचं साठलेलं एकदम बाहेर पडत होतं. मी अंगावर काटा येऊन बघत राहिले.

अर्तेता शांतपणे शेवटपर्यंत थांबला. मग त्याने माझा परिचय उघडला.

"हे तुमच्याच शिक्षिकेने लिहिलेलं आहे," तो म्हणाला, आणि वाचलं, "'समुद्रासमोर इथे कुणी खोटं बोलत नाही.' पुढे लिहिलं आहे की वादाच्या वेळी लोक जे बोलतात ते इकडे, खाजणावर येऊन. बाई, हे बरोबर आहे?"

मी म्हटलं, त्याचा अर्थ तसा नाही.

"वाक्य तुमचंच आहे ना?"

"हो."

"मग यांची दोन उत्तरं झाली. तुम्हीच सांगा, मी कोणतं खरं मानू?"

मी रीत म्हणजे काय ते समजावू लागले. त्यावर इथल्या लोकांचा खरंच विश्वास नाही, ती एक बोलण्याची पद्धत आहे, असं म्हणाले. बोलता बोलता आईंकडे नजर गेली. त्या माझ्याकडे अशा बघत होत्या की मी वाक्य अर्धंच सोडलं. विश्वास नाही म्हणावं तर त्यांच्या तोंडावर त्यांना खोटं पाडते. आहे म्हणावं तर अर्तेताचं खरं. खाली बसले.

खोक्यावरून उतरताना सातुर्निनो म्हणाला, "झालं. आता दोन्ही बाजूंनी आपण उसने."

९ एप्रिल, बुधवार

निकाल आला. 'वस्तीचा मालकीभाव सिद्ध होत नाही.' पावसाच्या आधी सगळ्यांनी टेकडीमागे जायचं. कागदाबरोबर अर्तेताची वेगळी चिठ्ठी मला: परिचय अत्यंत उपयुक्त ठरला, नव्या वसाहतीचाही मीच लिहावा अशी कार्यालयाची इच्छा आहे.

चिठ्ठी फाडली. मग वाटलं, वाचून लगेच फाडणं हाही एक देखावाच, कारण बघायला तिथे मीच होते.

शाळेत कुणी काही म्हणत नाही. मुलं 'बाई' म्हणतात, पालक नमस्कार करतात. कुणी एक शब्द वाकडा बोलत नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

१३ एप्रिल, रविवार

आज बहुधा शेवटची रापण. सणासाठी शहरातून आलेले लोक किनाऱ्यावर होते. दोर ओढायला माणसं कमी पडत होती. बरेच जण टेकडीमागच्या खोल्या बघायला गेले आहेत. मीही दोराला हात लावला. आजवर कधी ओढला नव्हता, शाळा असायची. हॉटेलातलं एक गोरं जोडपं हौसेने माझ्या मागे उभं राहून ओढत होतं. तळहात सोलले. निकानोर पुढे होता, त्याने मागे वळून बघितलं नाही, पण दोर जड झाला की तो माझ्याही वाटचा ओढतो आहे असं वाटायचं.

जाळं वर आलं. बांगडे, बोय, दोन-चार सुरमया. नेहमीसारखा ढीग पडला आणि वस्तीतले लोक आले, वाकले, आपापलं उचललं आणि चालू लागले. कुणी कुणाला विचारत नाही, कुणी मोजत नाही. सातुर्निनो स्वतःच्या टोपीत बोय भरत होता. ते जोडपं बाजूला हसत उभं होतं. आईंनी त्यांना एकेक मासा दिला आणि म्हणाल्या, "मदत केलीत, आभारी आहे."

मग त्या ढिगाकडे वळल्या, त्यातली सगळ्यात मोठी सुरमई निवडली, पाण्यात धुतली आणि दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरली.

"मदत केलीत, बाई. आभारी आहे."

मी घेतली. काय बोलावं कळलं नाही, म्हणून "आभार कसले, आई" म्हटलं. मासा खरंच मोठा होता. इतका चांगला त्यांनी दुसऱ्या कुणालाही दिला नाही. घरी येऊन साफ केला, मीठ-लिंबू लावून तळला, ताटं वाढली. निकानोर म्हणाला, त्याला भूक नाही. आई टपरीवरच जेवल्या.